पोस्टग्रेसमध्ये फंक्शनचं उत्तर साठवून ठेवता येतं का? (ओरॅकलच्या रिझल्ट_कॅशला पर्याय हवा)

खटपट्या_पुणे
मंडळी, मदत हवी आहे.

आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, बहुतेक घाऊक व्यापारी आणि वितरक वापरतात. इतकी वर्षं ओरॅकल डेटाबेसवर होतं, आता पोस्टग्रेस १६ या डेटाबेसवर हलवतोय. त्यात कर_दर(एचएसएन, दिनांक, किंमत) असं एक फंक्शन आहे (एचएसएन म्हणजे जीएसटीसाठीचा वस्तूचा कोड). ते जीएसटी दरांचं एक छोटं टेबल वाचतं, दोन-चार अपवाद बघतं आणि टक्केवारी परत देतं. ओरॅकलमध्ये त्यावर रिझल्ट_कॅश (एकदा काढलेलं उत्तर साठवून पुन्हा तेच देणारी सोय) लावलेलं होतं, त्यामुळे त्याकडे कुणी कधी वळून पाहिलं नाही.

पोस्टग्रेसमध्ये तसा पर्याय सापडला नाही, म्हणून टीममधल्या एकाने इम्युटेबल ('उत्तर कधीच बदलत नाही' अशी खूण) लावलं. समज असा की तीच तीच आर्ग्युमेंट्स आली तर पुन्हा हिशेब होणार नाही. आत रेझ नोटिस (चालताना संदेश छापणारी ओळ) टाकून पाहिलं तर प्रत्येक ओळीमागे नोटिस छापली जातेय! महिन्याच्या अहवालात सुमारे तीस लाख ओळी, म्हणजे फंक्शन तीस लाख वेळा चालतंय. वेगळे एचएसएन मात्र काहीशेच आहेत.

तर निकाल साठवायची काही सोय आहे का, की रेडिससारखं (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) काहीतरी बाहेरून आणावं लागेल?

ता.क. इथला एडिटर रोमन कोडचा पार चुथडा करतो, म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय. हसू नका.

एकाक्ष
इम्युटेबल लावल्याने काहीही साठवलं जात नाही. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) फक्त तुमच्यावर विश्वास ठेवतो. आणि टेबल वाचणाऱ्या फंक्शनला इम्युटेबल लावणं म्हणजे त्याच्याशी धडधडीत खोटं बोलणं.

बंड्या_नाना
फंक्शन सोडा, दरांच्या टेबलाशी थेट जॉइन लावा आणि सुटा. धागा संपला. चहा घ्या.

मृदगंध
एकाक्ष बरोबर बोलताहेत, पण जरा उलगडून सांगते, कारण हा गैरसमज मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

पोस्टग्रेसमध्ये फंक्शनच्या तीन जाती. काहीच लिहिलं नाही तर व्होलाटाइल: प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येऊ शकतं, म्हणून प्रत्येक वेळी चालवायचं. स्टेबल: एका क्वेरीपुरतं त्याच आर्ग्युमेंटला तेच उत्तर. नाऊ() यात मोडतं. इम्युटेबल: कधीही, कुठेही, तेच उत्तर. या जातींचा उपयोग प्लॅनरला होतो. इम्युटेबल फंक्शनला स्थिर आर्ग्युमेंट दिलीत तर प्लॅन बनतानाच ते एकदा चालवलं जातं आणि त्या जागी थेट आकडा बसतो. स्टेबल असेल तर इंडेक्स शोधताना तुलनेची किंमत एकदाच काढून वापरता येते. एक्स्प्रेशन इंडेक्स (फंक्शनची उत्तरं आधीच काढून ठेवणारा इंडेक्स) बांधायचा तर इम्युटेबलच लागतं. पण तुमच्याकडे आर्ग्युमेंट टेबलाच्या कॉलममधून येतंय, ओळीगणिक बदलतंय. आधीच्या ओळीला काय उत्तर आलं होतं हे लक्षात ठेवणारी वहीच तिथे नाही.

खोटं इम्युटेबल नडतं ते असं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले ते आठवा. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास गेले. ५, १८ आणि मोजक्या वस्तूंना ४० राहिले. समजा कुणी या फंक्शनवर एक्स्प्रेशन इंडेक्स बांधलाय. दरांचं टेबल बदललं तरी इंडेक्समध्ये जुनेच आकडे बसून राहणार, कारण तुम्हीच सांगितलंत की हे कधी बदलत नाही. क्वेरी इंडेक्सवरून गेली तर एक उत्तर, टेबल स्कॅन केलं तर दुसरं. शोधत बसा मग.

खटपट्या_पुणे
मृदगंधताई, धन्यवाद. आजच स्टेबल करतो. एक शंका: आम्ही दिनांक आर्ग्युमेंट म्हणूनच देतो. टेबलात 'या तारखेपासून लागू' असा कॉलम आहे. मग १५ ऑगस्टच्या बिलाचं उत्तर कधीच बदलणार नाही ना? त्या अर्थाने इम्युटेबल नाही का?

मृदगंध
मागच्या तारखांना बहुतेक वेळा खरं. पण जीएसटी परिषदेची बैठक झाली ३ सप्टेंबरला आणि नवे दर लागू झाले २२ पासून. १ सप्टेंबरला कुणी २५ तारखेची आगाऊ ऑर्डर टाकली असेल तर फंक्शनने जुना दर दिला, आणि त्या दिवशी तो बरोबरही होता. तीच तीन आर्ग्युमेंट्स चार दिवसांनी दिलीत तर वेगळं उत्तर. शिवाय दर टाकताना कुणाची चूक झाली आणि ती मागाहून दुरुस्त केली, तर मागच्या तारखाही बदलतात.

ओरॅकलकाका
रिझल्ट_कॅशचं नाव निघालं म्हणून दोन शब्द. आमच्या उमेदीतली गोष्ट आहे.

पीएल/एसक्यूएल (ओरॅकलची प्रोग्रॅमिंग भाषा) फंक्शनसाठी ही सोय ११जी मध्ये आली, २००७ साली. पहिल्या रिलीजमध्ये फंक्शन कोणत्या टेबलांवर अवलंबून आहे ते रिलाइज_ऑन लिहून आपण सांगायचं. एखादं टेबल विसरलात की शिळं उत्तर. दुसऱ्या रिलीजपासून डेटाबेस स्वतःच नोंद ठेवायला लागला आणि रिलाइज_ऑनकडे दुर्लक्ष होऊ लागलं. उत्तरं शेअर्ड पूलमध्ये राहतात, म्हणजे एका सेशनने काढलेलं दुसऱ्याला आयतं मिळतं. पोस्टग्रेसमध्ये तुम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतंय ते हेच.

पण त्याची दुसरी बाजू बघा. अवलंबून असलेल्या टेबलातल्या एका ओळीवर जरी बदल कमिट झाला, तरी त्या फंक्शनची साठवलेली सगळी उत्तरं रद्द. ओळीनुसार नाही, अख्ख्या टेबलानुसार. एका ठिकाणी (नाव नको) कुणीतरी शिल्लक काढणाऱ्या फंक्शनला रिझल्ट_कॅश लावलं होतं. ज्या टेबलात सेकंदासेकंदाला व्यवहार पडतात ते वाचणारं फंक्शन! कॅश भरायची, लगेच रिकामी व्हायची, आणि तिच्यापर्यंत पोचायला सगळी सेशन्स लॅचच्या (मेमरीवरच्या कुलपाच्या) रांगेत उभी. कॅश काढली तेव्हा कुठे सिस्टिम धावायला लागली.

दर, सुट्ट्यांची यादी, शाखांची नावं अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम. खटपट्या, तुमचा उपयोग योग्यच होता. तरी सहज म्हणून एक बघा: जुना सर्व्हर अजून चालू असेल तर व्ही$रिझल्ट_कॅश_स्टॅटिस्टिक्स मध्ये क्रिएट काउंट सक्सेस (किती उत्तरं साठवली) आणि फाइंड काउंट (किती वेळा साठवलेलं सापडलं) या दोन ओळी तपासा.

बंड्या_नाना
काका, एका ओळीत बदल केला की सगळं रद्द? आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त असंच असतं. (ह.घ्या.)

कोडगा
मायएसक्यूएलवाल्यांची हजेरी लावून जातो. आमच्याकडे क्वेरी कॅश होती, ५.७.२० मध्ये ती नको म्हणून जाहीर झाली आणि ८.० मध्ये उखडूनच टाकली. तशीही स्टोअर्ड फंक्शन असलेली क्वेरी तिच्यात बसत नव्हतीच. फंक्शनवर डिटरमिनिस्टिक (म्हणजे त्याच आर्ग्युमेंटला तेच उत्तर) लिहायचं ते बहुतेक जण १४१८ नंबरची एरर जावी म्हणून लिहितात. फंक्शन खरंच तसं आहे का हे सर्व्हर तपासत नाही, आणि लिहिणाराही नाही.

एकाक्ष
ओरॅकलमध्येही डिटरमिनिस्टिक आहेच. तेही शब्दावर विश्वास. पण तिथे निदान एका फेचपुरता (एका खेपेला आणलेल्या ओळींपुरता) पुन्हा पुन्हा होणारा कॉल वाचू शकतो.

ओरॅकलकाका
आणि सिलेक्टमध्ये फंक्शन थेट न लिहिता (सिलेक्ट कर_दर(...) फ्रॉम ड्युअल) असं कंसात गुंडाळलं की स्केलर सबक्वेरी कॅशिंग लागतं, म्हणजे त्या क्वेरीपुरती उत्तरं लक्षात ठेवली जातात. ते रिझल्ट_कॅशच्या आधीपासून आहे. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं, कारण पीएल/एसक्यूएलमध्ये ये-जा होते तीच महाग असते. रिझल्ट_कॅशमध्येसुद्धा फंक्शनचं अंग चालत नसलं तरी एसक्यूएलमधून ही उडी मारावीच लागते.

सागरिका_जे
मी एसक्यूएल सर्व्हरच्या बाजूची. तिथे हा प्रश्न निराळ्या अंगाने सोडवला गेला आणि त्याचा एक धागा आपल्या पवईपर्यंत येतो.

तिथली स्केलर (एकच किंमत परत देणारी) फंक्शन्स कुप्रसिद्ध होती. ओळीमागे एक कॉल, आणि क्वेरीत असं एक फंक्शन आलं की पॅरलल प्लॅन बंद. २०१९ च्या आवृत्तीत स्केलर यूडीएफ (आपण लिहिलेली फंक्शन्स) इनलायनिंग आलं. फंक्शनच्या आतले इफ-एल्स, व्हेरिएबल्स हे सगळं रिलेशनल एक्स्प्रेशनमध्ये बदलून मूळ क्वेरीतच मिसळून टाकायचं. कॉलच उरत नाही, मग साठवायचं काय? या कामाचं नाव फ्रॉइड. त्यामागचे कार्तिक रामचंद्र हे आयआयटी मुंबईत प्रा. एस. सुदर्शन यांचे पीएचडीचे विद्यार्थी. क्वेरीतल्या फंक्शन कॉल्सचं डीकोरिलेशन (ओळीमागचा कॉल काढून जॉइनसारखं करणं) कसं करायचं यावर त्या गटाचा २०१४ चा शोधनिबंध आहे, फ्रॉइडचा निबंध त्यानंतरचा.

थोडक्यात, बंड्या_नानांनी दुसऱ्याच प्रतिसादात 'जॉइन लावा' म्हटलं तेच, फक्त ते काम मशीन करतं.

बंड्या_नाना
बघा! पीएचडी न करता.

टोरांटोकर
अवांतर: १९९६ च्या सिगमॉड या डेटाबेस परिषदेत हेलरस्टीन आणि नॉटन यांचा निबंध आहे, क्वेरीतल्या महागड्या मेथड्सची उत्तरं कशी साठवावीत यावरच. साधी मेमरीतली हॅश टेबल घ्यावी, आधी सॉर्ट करून फक्त मागचं उत्तर लक्षात ठेवावं, की दोन्हींचा संकर करावा, अशी तुलना. आणि मेमो फंक्शन (आधीची उत्तरं लक्षात ठेवणारं फंक्शन) ही कल्पना डोनल्ड मिची यांनी नेचरमध्ये १९६८ सालीच मांडली होती. आपण इथे जे शोधतोय ते म्हातारं आहे.

सॉर्ट करायची युक्ती अजूनही उपयोगी पडते हां. सारख्या किंमती लागोपाठ आल्या की कुठलीही लहान कॅश पुरते.

फुलपाखरू२२
एवढं कशाला, रेडिस टाका ना. आम्ही सगळीकडे टाकतो.

एकाक्ष
तीस लाख ओळींमागे तीस लाख नेटवर्क फेऱ्या? पोस्टग्रेसमध्ये टेबल शेजारीच मेमरीत बसलंय.

फुलपाखरू२२
ॲप्लिकेशनमध्ये एकदाच लोड करून ठेवायचं होतं माझ्या डोक्यात. पण अहवाल डेटाबेसमध्येच बनतो हे वाचायचं राहिलं. माघार.

गोंयकार
सेशनपुरती वही हवी असेल तर पीएल/पायथनमध्ये (पोस्टग्रेसमध्ये पायथनने फंक्शन लिहायची सोय) आहे. प्रत्येक फंक्शनला एसडी नावाची डिक्शनरी मिळते, सेशनमधल्या सगळ्या फंक्शन्सना मिळून जीडी. पीएल/पर्लमध्ये %_शेअर्ड. पहिल्या कॉलला उत्तर ठेवायचं, पुढच्या वेळी तिथून उचलायचं.

पण आमच्याकडे हे केलं आणि तापच झाला. समोर कनेक्शन पूल (उघडी कनेक्शन्स पुन्हा पुन्हा वापरणारा) होता. पूलमधली सेशन्स मरतच नाहीत, आठवडेच्या आठवडे जिवंत. दर बदलला, अर्ध्या सेशन्समध्ये नवा, अर्ध्यांत जुना. एकाच ग्राहकाने स्क्रीन रिफ्रेश केली की आकडा बदलायचा. शेवटी एका टेबलात आवृत्ती क्रमांक ठेवला आणि प्रत्येक क्वेरीच्या सुरुवातीला तो जुळतो का ते पाहायला लागलो. एवढं करून वेळ वाचला की नाही, देव जाणे.

बरं, मूळ धाग्यात कुणी विचारलंच नाही: खटपट्या, तो दिनांक म्हणजे नुसती तारीख आहे का? ओरॅकलचा डेट टाइप वेळही धरून ठेवतो, सेकंदापर्यंत. बिलाची वेळ तशीच फंक्शनला जात असेल तर प्रत्येक बिलाची चावी (कॅशमध्ये उत्तर शोधायची खूण) वेगळी.

एकाक्ष
अरे वा, गोंयकार. हे भारी पकडलंत.

मृदगंध
आणि पोस्टग्रेसमध्ये तो कॉलम कुठल्या टाइपमध्ये आलाय? टाइमझोनसह असेल आणि सर्व्हर यूटीसीवर असेल तर २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची बिलं २१ तारखेची समजली जातील. एका बाजूला नवा दर, दुसऱ्या बाजूला जुना. त्या टाइपवरून तारीख काढणं पोस्टग्रेस स्टेबल मानतो, इम्युटेबल नाही, ते याचसाठी.

खटपट्या_पुणे
मंडळी, आज जुन्या सर्व्हरवर जाऊन आलो. काका, क्रिएट काउंट फाइंड काउंटपेक्षा कितीतरी वर आहे! म्हणजे ज्या रिझल्ट_कॅशसाठी मी इथे गळा काढतोय, ती साठवतच जास्त होती आणि वापरत कमी. गोंयकार, तुमचा अंदाज खरा. दिनांकात बिलाची वेळ जाते. ट्रंक (वेळ कापून नुसती तारीख ठेवणारं) कुठेच नाही.

पोस्टग्रेसमध्ये कॉलम टाइमझोनशिवायचा टाइमस्टॅम्प आहे, त्यामुळे साडेपाच तासांचा घोळ नाही. वेळ मात्र तशीच येतेय.

मग ओरॅकलवर चालत कसं होतं, हा प्रश्न टीममध्ये अजून चघळतोय. बहुधा मशीन मोठं होतं, एवढंच.

ओरॅकलकाका
हा हा. मोठं मशीन भल्याभल्यांची पापं झाकतं. आणि खटपट्या, किंमतही आर्ग्युमेंटमध्ये आहे ना? ती कशाला?

खटपट्या_पुणे
कपडे आणि पादत्राणांसाठी. तयार कपड्यांना आधी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होते. आता २५०० पर्यंत ५ आणि वर १८. म्हणून किंमत द्यावीच लागते.

एकाक्ष
द्यावी लागते, पण ७४९, ७९९, ८४९ यांना वेगवेगळ्या चाव्या कशाला? उत्तर ठरतं टप्प्यावर. दरांच्या टेबलातच किंमत_पासून आणि किंमत_पर्यंत असे दोन कॉलम घ्या, तारखेसारखेच. टप्पा १००० चा २५०० झाला हेही मग डेटा होईल, कोड नाही. एवढं केलंत की तुमचे 'दोन-चार अपवाद' आपोआप टेबलात जातील आणि फंक्शनमध्ये एक सिलेक्ट उरेल.

सागरिका_जे
एकाक्षना अनुमोदन. आणि तो एक सिलेक्ट उरला की पुढची पायरी: पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची प्रोसिजरल भाषा) सोडून लँग्वेज एसक्यूएलमध्ये, रिटर्न्स टेबल, स्टेबल असं फंक्शन लिहा. स्ट्रिक्ट नको, सिक्युरिटी डिफायनर नको. हे फ्रॉममध्ये लॅटरलसोबत (डावीकडच्या प्रत्येक ओळीची किंमत आत पाठवणारा जॉइन) वापरलंत तर पोस्टग्रेस त्याचं अंग क्वेरीत उलगडतो. अगदी फ्रॉइडइतकं नाही, पण प्लॅनरला काळी पेटी न दिसता टेबल दिसतं. स्केलर फंक्शनमध्ये फ्रॉम असेल तर असं उलगडत नाही, म्हणून रिटर्न्स टेबल.

नियम एकाच जागी राहतो, अहवालवाल्यांना काही शिकवावं लागत नाही.

मृदगंध
त्यावर मेमोइझ मिळू शकतं. पोस्टग्रेस १४ पासून नेस्टेड लूपच्या आतल्या बाजूवर हा नोड बसतो: आलेल्या आर्ग्युमेंटची उत्तरं हॅश टेबलात ठेवतो, पुन्हा तीच आली की खाली जातच नाही. डेव्हलपमेंटमध्ये याचं नाव रिझल्ट कॅशच होतं, रिलीजआधी बदललं. पण लक्षात घ्या, तो त्या एका क्वेरीपुरताच. क्वेरी संपली की वही फाडली. तुमच्या अहवालाला तेवढं पुरे, आणि शिळं उत्तर मिळायची भीती नाही.

प्लॅनरला वेगळ्या किंमती कमी आहेत असं वाटलं तरच तो हे निवडतो. अनालाइझ (टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवलेलं असू द्या.

नको असेल ती भानगड, तर हाताने: आधी विथ वेगळे अ‍ॅज मटेरियलाइज्ड मध्ये डिस्टिंक्ट एचएसएन, तारीख, टप्पा काढा, तिथेच फंक्शन चालवा, मग मूळ ओळींना जोडा. मटेरियलाइज्ड विसरू नका, १२ पासून एकदाच वापरलेलं विथ प्लॅनर उलगडून टाकू शकतो.

कोडगा
धागा वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

रोजमेळ
मी कोडवाला नाही, हिशेबनीस आहे, पण वाचतोय. एक सांगतो: बिलावर लावलेला दर बिलाच्या ओळीतच साठवा की! क्रेडिट नोट काढताना मूळ बिलावर जो दर होता तोच लागतो. फंक्शनला पुन्हा विचारून मागच्या वर्षीचा अहवाल काढणं मला आधीच धोक्याचं वाटतंय. कुणी दरांचं टेबल हलवलं की भरून झालेल्या रिटर्नशी अहवाल जुळणार नाही.

बंड्या_नाना
रोजमेळ यांनी सगळ्यांची विकेट काढली.

खटपट्या_पुणे
रोजमेळ, दर साठवतोच. पण हा अहवाल म्हणजे 'लावलेला दर आणि लागायला हवा होता तो दर' यातला फरक शोधणारा आहे, लेखापरीक्षणासाठी. त्यामुळे पुन्हा काढणं भाग आहे. नव्या बिलांना मात्र फंक्शन एकदाच चालतं, सेव्ह करताना.

रोजमेळ
मग ठीक. असा अहवाल आमच्याकडेही हवा होता.

खटपट्या_पुणे
अपडेट. एकाक्ष आणि सागरिका यांच्या सल्ल्याप्रमाणे केलं. टप्पे टेबलात, फंक्शन लँग्वेज एसक्यूएल, तारखेवर कास्ट, लेफ्ट जॉइन लॅटरल. एक्सप्लेन अनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) मेमोइझ दिसतंय, हिट्स प्रचंड, मिसेस नगण्य. अहवाल ओरॅकलपेक्षा आधी संपतो.

एक शंका उरली. कपड्यांचा एक मोठा ग्राहक आहे, त्याच्याकडे हिट्स कमी आणि इव्हिक्शन्स शून्य नाहीत. हे काय?

मृदगंध
वही भरली, म्हणून जुनी पानं काढून टाकतोय. मेमोइझला वर्क_मेम गुणिले हॅश_मेम_मल्टिप्लायर एवढीच जागा मिळते. तिथे किंमत अजून रुपयांत जातेय का बघा. फंक्शन उलगडलं की किंमत_पासून ची तुलना आत होते, म्हणजे मेमोइझची चावी पुन्हा अख्खी किंमतच.

खटपट्या_पुणे
ओह. हो, चावीत किंमत दिसतेय.

एकाक्ष
मग त्या अहवालात लॅटरलऐवजी सरळ जॉइन करा: एचएसएन बरोबर, तारीख आणि किंमत बिट्वीन. दरांचं टेबल काहीशे ओळींचं, हॅश जॉइन एचएसएनवर लागेल आणि बाकी अटी फिल्टर म्हणून. नाहीतर त्या अहवालापुरतं सेट लोकल वर्क_मेम वाढवा.

बंड्या_नाना
दुसरा प्रतिसाद. वर जाऊन वाचा. चहा गार झाला.